मांजरा अडवणारा माणूस



आपल्या वर्गात लातूरकडची मुले होती, तशी देगलूर-बिलोलीकडचीही होती. दोघांची नदी एकच, मांजरा. भूगोलाच्या तासाला तिचा उगम आणि गोदावरीशी होणारा संगम आपण घोकला. पण ती अडवून पहिले मोठे धरण कोणी बांधले, हे आपल्या धड्यात नव्हते. पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी लागली म्हणून मला त्या माणसाची ओळख झाली. त्यांचे नाव नवाब अली नवाज जंग.

मूळ नाव मीर अहमद अली. जन्म 11 जुलै 1877, हैदराबाद. शिक्षण तिथल्याच सेंट जॉर्ज ग्रामर स्कूल, मदरसा-ए-आलिया आणि निजाम कॉलेजात झाले. 1896 मध्ये संस्थानची शिष्यवृत्ती मिळून ते इंग्लंडला कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले. 1899 मध्ये परतले आणि बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले.

1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे गेली. पूर रोखण्याची योजना विश्वेश्वरय्यांनी आखली. तिच्यातली उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे अली नवाज जंगांच्या कारकिर्दीत पूर्ण झाली.

मुख्य अभियंता झाल्यावर त्यांनी मांजरेवर निजामसागर हाती घेतले. 1923 ला काम सुरू झाले, 1931 ला पूर्ण झाले. पावणेतीन लाख एकर भिजवण्याची योजना होती. त्या पाण्यावर ऊस पिकला आणि बोधनला साखर कारखाना उभा राहिला. मात्र त्यासाठी चाळीसेक गावे उठली, हेही विसरता येत नाही. पुढे गाळ साचून धरणाची साठवण निम्म्याहून खाली आली. मांजरेचा गाळ किती, हे आपल्या लातूरकरांना सांगायला नको!

1949 मध्ये ते वारले. त्याच्या आदल्याच वर्षी संस्थान संपले होते. रझाकारांच्या आठवणी ज्या घरांत आहेत, तिथे निजामाच्या अधिकाऱ्याचे कौतुक सहजी होत नाही. माझ्याही घरी होत नसे. ते दुःख खरे आहे. पण ज्याने आयुष्यभर नद्या मोजल्या, त्याचे काम त्या दुःखाच्या खात्यावर मांडू नये, असे मला वाटते.

2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. नदीचे पाणी मोजून, राखून वापरायचे असते, हा धडा आपण अजून गिरवतोच आहोत.

15 सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या नावाने आपण अभियंता दिन पाळतो. तेलंगणात 11 जुलैलाही पाळतात. आपल्यापैकी कोणी देगलूरहून पुढे निघालात, तर वाट थोडी वाकडी करून निजामसागर पाहून या. शक्य झाल्यास नातवंडांनाही न्या. तिथे अडलेले पाणी आपल्याच नदीचे आहे.