दादासाहेब खापर्डे : साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला वऱ्हाडी वकील

दादासाहेब खापर्डे बहुतेकांना आठवतात ते शिर्डीच्या डायरीमुळे. पण अमरावतीच्या या वकिलाला एका गाजलेल्या खटल्यात स्वतःच साक्षीदार व्हावं लागलं होतं.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. १८८४ मध्ये एलएलबी, काही वर्षं वऱ्हाडात सरकारी नोकरी, मग १८९० पासून अमरावतीत वकिली. राहणी अशी थाटाची की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाबच म्हणत. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष. पुढे यवतमाळात वकिली करणारे वणीचे बापूजी अणेही त्यांच्यासारखेच टिळकांच्या गोटातले.

त्याच १८९७ साली पुण्याचे सरदार बाबामहाराज वारले. त्यांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त म्हणून टिळक आणि खापर्डे दोघंही होते. वारस हवा म्हणून जून १९०१ मध्ये विधवा ताईमहाराजांसह मंडळी औरंगाबादला गेली आणि जगन्नाथ या मुलाचं दत्तकविधान झालं. नंतर ताईमहाराज फिरल्या. औरंगाबादला दत्तक झालंच नाही असं म्हणत त्यांनी कोल्हापुरात दुसरा मुलगा घेतला. गंमत बघा, औरंगाबाद निजामाचं, कोल्हापूर संस्थानी आणि भांडण पुण्याच्या इंग्रजी कोर्टात! सगळी भिस्त हजर असलेल्यांच्या साक्षींवर.

टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा खटला झाला, शिक्षाही झाली. ती १९०४ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. १९०६ मध्ये खालच्या कोर्टाने औरंगाबादचं दत्तक मान्य केलं, तर १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाने ते फेटाळून टिळक आणि त्यांच्या बाजूच्या साक्षीदारांना अविश्वसनीय ठरवलं. त्यासाठी फौजदारी खटल्यातले जुने जबाबही वापरले गेले.

इथेच मेख होती. ते जबाब साक्षीदारांपुढे ठेवून तेव्हा असं का म्हणालात, हे त्यांना विचारलंच नव्हतं. मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही पद्धत चूक ठरवली. दुसरीकडे दिलेला जबाब साक्षीदाराला खोटं पाडायला वापरायचा, तर त्यातला नेमका भाग आधी त्याला दाखवायचा आणि खुलाशाची संधी द्यायची. औरंगाबादचं दत्तक कायम झालं. तोवर वादाला चौदा वर्षं होत आली होती आणि खापर्डे साठीचे झाले होते.

१९३८ मध्ये ते वारले. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १४८ झालंय. त्यावर वाद घालताना वकील आजही टिळकांच्या या निकालाचा दाखला देतात.