शस्त्राकडून नांगराकडे : पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र

विद्यार्थिमित्रहो, आपल्या चिंचवड गावाचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात चापेकर बंधूंमुळे अजरामर झाले आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यास रँडसाहेबावर गोळी झाडली गेली आणि त्यापायी या गावचे तीन सख्खे भाऊ पुढील दोन वर्षांत फासावर गेले, ही हकीकत आपणांपैकी प्रत्येकाने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेलच. त्याच काळी येथून शेकडो मैल दूर, मध्यप्रांतातील वर्धा येथे एक मुलगा शाळेत शिकत होता. देशाच्या पारतंत्र्याची जी आग चिंचवडच्या त्या वाड्यात पेटली होती, तीच पुढे त्याच्याही मनात पेटली. तोही शस्त्राच्या मार्गाने निघाला. परंतु त्याच्या आयुष्याने असे काही वळण घेतले की, आज त्याची आठवण विशेषेकरून एका कृषिशास्त्रज्ञाची व शेतकऱ्यांच्या शिक्षकाची म्हणून केली जाते. त्या थोर पुरुषाचे, पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे, चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

पांडुरंगरावांचा जन्म १८८४ साली नोव्हेंबर महिन्यात झाला. वडील वर्ध्यास अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती मध्यम. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आटोपून मुलगा पुढील शिक्षणासाठी नागपुरास गेला. त्यांच्या बालपणीच मध्यप्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ कोसळले. अन्नावाचून माणसे मरत असताना ज्यांनी शाळेचा अभ्यास केला, त्या पिढीतील हा एक विद्यार्थी होता, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. नागपुरात असताना लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. देश स्वतंत्र करावयाचा तर युद्धकला शिकली पाहिजे आणि ती परदेशी गेल्यावाचून शिकता येणार नाही, असे त्या तरुणाने मनाशी ठरविले. सरकारची वक्रदृष्टी आपल्याकडे वळली आहे हे जाणून त्यांनी प्रस्थानाची तयारी केली आणि निघण्यापूर्वी लोकमान्यांची भेट घेतली. १९०५ साली जपानने रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याचा पराभव केल्यामुळे साऱ्या आशियाचे डोळे त्या देशाकडे लागले होते. लोकमान्यांनीही जपानला जाण्याचाच सल्ला दिला. त्याप्रमाणे खानखोजे प्रथम जपानला गेले. तेथे जपानी व चिनी देशभक्तांच्या सहवासात काही काळ घालवून ते पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

अमेरिकेत त्यांनी एका महाविद्यालयात शेतकी विषयाचा विद्यार्थी म्हणून नाव घातले. येथे त्या देशातील शेतकी महाविद्यालयांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १८६२ साली, म्हणजे लिंकन अध्यक्ष असताना, अमेरिकेत असा कायदा झाला की, प्रत्येक संस्थानास सरकारी जमिनीचा काही भाग द्यावा आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालवावीत. तोवर उच्च शिक्षण म्हणजे वकील, वैद्य व धर्मोपदेशक यांची मिरास समजली जात असे. या कायद्यामुळे नांगर धरणाऱ्याच्या मुलालाही महाविद्यालयाचा दरवाजा उघडला. प्रयोगशाळेइतकेच महत्त्व गोठ्याला व शेताला देणाऱ्या या संस्था आरंभी लहान होत्या, व मोठ्या नामांकित विद्यापीठांतील मंडळी त्यांस किंचित हसतही असत. परंतु पुढे त्यांतूनच मोठमोठी विद्यापीठे उदयास आली.

खानखोजे यांचे मन मात्र आरंभी शेतकीत स्थिर झाले नाही. ज्या हेतूने घर सोडले तो हेतू त्यांस स्वस्थ बसू देईना. वर्षभरानंतर त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील माउंट तामाल्पाइस सैनिकी विद्यालयात प्रवेश घेतला. शेतकीचा अभ्यास मध्येच सोडून लष्करी कवायत शिकणाऱ्या या विद्यार्थ्याकडे पाहून, याचे धड एकही होणार नाही, असे कोणास वाटले असते तर ते अगदीच चुकीचे नव्हते. परक्या देशात पोटासाठी अंगमेहनतीची कामे करणे हे त्या काळच्या बहुतेक हिंदी विद्यार्थ्यांच्या नशिबी होते, आणि खानखोजेही त्याला अपवाद नव्हते. त्या किनाऱ्यावर पंजाबातून गेलेले हजारो हिंदी मजूर शेतांत व लाकडाच्या गिरण्यांत राबत असत. त्यांच्यात मिसळून स्वातंत्र्याचा विचार पसरविण्याचे कार्य खानखोजे यांनी हाती घेतले. ते कार्य राजकारणाचे खरे. पण त्यामुळे शेतमजुराचे जिणे त्यांना पुस्तकातून न कळता प्रत्यक्ष कळले.

अखेर शेतकीचा सुटलेला धागा त्यांनी पुन्हा हाती घेतला. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन संस्थानातील पुलमन या छोट्या गावी, १८९० साली स्थापन झालेले एक शेतकी महाविद्यालय होते. त्याच्या सभोवती पलूस नावाच्या टेकड्यांचा प्रदेश पसरला असून त्या टेकड्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गव्हाने पिवळ्या झालेल्या असतात. याच महाविद्यालयात विल्यम स्पिलमन नावाच्या अध्यापकाने गव्हाच्या जातींचा संकर करून आनुवंशाचे नियम स्वतंत्रपणे शोधून काढले होते व १९०१ साली ते प्रसिद्ध केले होते. गव्हाचे शास्त्र जेथे शेताच्या बांधावर जन्मले, अशा त्या ठिकाणी खानखोजे शिकले आणि १९१३ साली पदवीधर झाले. त्या महाविद्यालयास विद्यापीठ ही पदवी १९५९ साली मिळाली. म्हणजे खानखोजे शिकत होते तेव्हा ती एक आडगावची साधी संस्थाच होती.

पदवी मिळाली त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्षाची स्थापना झाली. खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. १९१४ साली महायुद्ध भडकताच हिंदुस्थानात उठाव करण्याचा त्या पक्षाने यत्न केला. पण १९१५ साली तो सरकारने मोडून काढला आणि कित्येक तरुण फासावर चढले. खानखोजे त्या वेळी तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले होते. तेथील टोळ्यांस हाताशी धरून इंग्रजांशी लढावे व हिंदी शिपायांस आपल्या बाजूस वळवावे, असा त्यांचा बेत होता. त्या वाळवंटात ते लढले, शत्रूच्या हाती सापडले आणि निसटलेही. युद्ध संपले तेव्हा हाती काहीच उरले नव्हते. पुढे जर्मनीत व मॉस्कोतही त्यांनी वाट शोधून पाहिली. मायदेशाचे दार बंद, आणि युरोपातही सरकारी ससेमिरा पाठीशी. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या या पुरुषास घर नव्हते, देश नव्हता, आणि ज्यासाठी सारे आयुष्य पणाला लावले ते साध्यही झाले नव्हते. अशा वेळी त्यांच्यापाशी एकच ठेव शिल्लक होती. ती म्हणजे मध्येच सोडून पुन्हा उचललेली, दुय्यम समजून शिकलेली शेतकीची विद्या.

ती विद्या घेऊन १९२४ च्या सुमारास ते मेक्सिको देशात गेले. तेथे १९१० साली मोठी क्रांती होऊन गेली होती व बड्या जमीनदारांच्या जमिनी गावकऱ्यांस परत देण्याचे काम चालू होते. परंतु जमीन मिळाली तरी पीक आपोआप येत नाही. चांगले बी, खत व ज्ञान यांवाचून ती जमीन पुन्हा सावकाराकडे जावयास वेळ लागत नाही. मेक्सिको शहरापासून जवळच चापिंगो येथे, पूर्वी एका जमीनदाराच्या असलेल्या वाड्यात, राष्ट्रीय कृषिविद्यालय भरू लागले होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले.

मका हे मेक्सिकोचे मूळ अन्न; आपल्याकडे भाकरीचे जे स्थान, ते तेथे मक्याच्या पोळीचे. खानखोजे यांनी मका व त्याचे रानटी भाईबंद यांचा कसून अभ्यास केला. गहू, कडधान्ये व रबर यांवरही त्यांचे संशोधन चालले. थंडीच्या कडाक्यात न करपणाऱ्या व पावसाने दगा दिला तरी तग धरणाऱ्या जाती तयार करणे हा त्यांचा ध्यास होता. हे काम किती चिकाटीचे असते याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की, मक्याच्या शेंड्यास येणाऱ्या तुऱ्यात पराग असतात व कणसाच्या टोकास लोंबणाऱ्या रेशमी केसांवर ते पडले म्हणजे दाणा धरतो. नको तो पराग वाऱ्याने येऊ नये म्हणून कणसावर पिशवी बांधावी, हवा तो पराग हाताने घालावा, त्या दाण्याचे झाड पुढील वर्षी वाढवावे, त्यांतून उत्तम ते निवडावे आणि हाच क्रम वर्षानुवर्षे चालवावा, तेव्हा कोठे एक नवी जात स्थिर होते. शस्त्रांच्या घाईत वाढलेल्या मनुष्याने हा संयम अंगी बाणविला, हे विशेष होय.

तथापि खानखोजे यांचे सर्वांत मोठे कार्य प्रयोगशाळेत झाले नाही. ज्याला शेत सोडून शहरात जाऊन शिकता येत नाही, ज्याच्यापाशी शुल्क भरण्यास पैसा नाही, त्या शेतकऱ्याने शिकावे कोठे? हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी गावोगावी मुक्त कृषिशाळा काढण्याच्या कार्याचा पुढाकार घेतला. चापिंगोच्या परिसरातील ओकोपुल्को या गावची शाळा १९२८ साली चालू असून तिला शेतकऱ्यांचा क्रांतिवीर एमिलियानो झापाता याचे नाव दिलेले होते. आपण स्वतः कष्टाने, तुकड्यातुकड्यांनी शिकलो. तर इतरांसाठी पहिली पायरी त्यांच्या बांधावरच असावी, हाच त्या शाळांचा आशय होता.

या कामाची कीर्ती कलावंतांपर्यंतही पोहोचली. तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकर्तीने त्यांच्या मक्याची व शाळांची छायाचित्रे घेतली. दिएगो रिवेरा या जगद्विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीत जी भित्तिचित्रे रंगविली, त्यांतील एकात मेजाभोवती बसलेल्या लोकांस भाकर मोडून देणारा पुरुष खानखोजे यांच्यासारखाच रेखाटला आहे. दुष्काळाच्या दिवसांत वाढलेल्या वर्ध्याच्या मुलाला याहून मोठा सन्मान कोणता मिळावयाचा होता?

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांस दोन कन्या झाल्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा पांडुरंगराव साठीच्या घरात होते. मायदेशी परतण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तर इंग्रजी अमदानीतील जुन्या बंदीमुळे स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारनेही तो प्रथम नाकारला! ज्याने स्वातंत्र्यासाठी देशत्याग केला त्याला स्वतंत्र देशाच्या दाराशी ताटकळावे लागले, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. पुढे ती बंदी उठली. चार दशकांच्या वनवासानंतर ते परतले, नागपुरास स्थायिक झाले आणि तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी देह ठेविला. योगायोग असा की, त्याआधीच्याच वर्षी, १९६६ साली, हिंदुस्थानने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले व हरितक्रांतीस जोर चढला. ते बियाणे खानखोजे यांचे नव्हे, डॉ. नॉर्मन बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांचे होते. पण मेक्सिकोच्या शेतांत शास्त्रीय बीजनिवडीचे काम ज्यांनी पूर्वी केले, त्यांत एक मराठी माणूस होता, हे विसरता येत नाही. २०२२ सालच्या सप्टेंबरात चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले.

मित्रहो, आपल्या चिंचवडच्या आसपासची शिवारे गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यांखाली गेली. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला आणि पाठोपाठ सारा परिसरच उद्योगनगरी बनला. तरीही चाकणचा कांदा अजून बाजारात येतो, व मावळातला भात अजून आपल्या ताटात पडतो. वडगाव मावळच्या संशोधनकेंद्रात आंबेमोहोराशी दुसऱ्या जातीचा संकर करून निर्माण झालेला व १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ आपण आवडीने खातो. तोही खानखोजे यांनी आचरलेल्या त्याच विद्येचे फळ आहे. आपल्या वर्गांत बसणाऱ्या किती तरी मुलांच्या घरी गावाकडे अजून दोन-चार एकर जमीन आहे, आणि त्या जमिनीविषयी घरात अभिमान कमी व संकोच अधिक असतो, हे आपण जाणतो.

पालकांनीही या चरित्राचा विचार करावा. मुलाला पहिल्या झटक्यात नामांकित ठिकाणी प्रवेश मिळाला नाही, किंवा त्याने एक अभ्यास सोडून दुसरा धरला, तर त्याचे आयुष्य वाया गेले असे मानण्याची घाई करू नये. खानखोजे एका संस्थेतून दुसरीत गेले, मध्ये वाट सोडली, पुन्हा वाटेवर आले आणि आडगावच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले. ज्या विद्येसाठी त्यांनी घर सोडले ती त्यांस यश देऊ शकली नाही; जी विद्या जाता जाता मनापासून शिकले तिने त्यांना परक्या देशात आश्रय, मान व जीवितकार्य दिले. लहान शाळेत का होईना, जे शिकावयाचे ते कसून शिकावे आणि आपण शिकलो की पाठीमागून येणाऱ्यास हात द्यावा, हा धडा आपण त्यांच्या चरित्रापासून घेतला तर ते वाचल्याचे सार्थक होईल.