मनाचे शास्त्र आणि जॉन ड्यूई

१९५२ सालच्या जून महिन्याच्या १ तारखेस न्यूयॉर्क येथे जॉन ड्यूई यांचे वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठाने आपले माजी विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सन्माननीय पदवी अर्पण केली. गुरुशिष्यांची भेट मात्र होऊ शकली नाही. ड्यूई यांचे नाव आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपुरतेच घेतले जाते. परंतु मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या घरातून बाहेर पडून स्वतःचा संसार थाटत होते, त्या धामधुमीच्या काळाचे ते साक्षीदार आणि शिल्पकारही होते, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते.

मन म्हणजे काय, हा प्रश्न शतकानुशतके तत्त्वज्ञांचाच होता. देकार्तने मन आणि शरीर यांची फारकत केली. लॉक आणि ह्यूम यांनी मनातील सारा ऐवज अनुभवाच्या खाती जमा केला. मनाच्या घडामोडी गणितात बसवता येत नाहीत, म्हणून त्यांचे खरेखुरे शास्त्र होणार नाही, असा निर्वाळा कांटने दिला. या निर्वाळ्याला आव्हान देत १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लायप्झिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली.

त्याच वर्षी ड्यूई अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी बर्लिंग्टन या गावी एका किराणा दुकानदाराच्या घरी झाला होता. काही काळ शाळामास्तरकी केल्यावर १८८२ साली ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. तेथे मॉरिस यांनी त्यांना हेगेलच्या तत्त्वज्ञानाची दीक्षा दिली. लायप्झिगला जाऊन आलेल्या स्टॅन्ली हॉल यांनी नव्या प्रायोगिक मानसशास्त्राची ओळख करून दिली. कांटच्या मानसशास्त्रावर प्रबंध लिहून १८८४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १८८७ साली मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि हेगेलचे विश्वचैतन्य यांची मोट बांधण्याचा खटाटोप होता. तो फसला. खुद्द हॉल यांनीच या पुस्तकावर प्रतिकूल टीका केली. पुढे १८९० साली विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरील महाग्रंथ आला आणि ड्यूई यांच्या विचारांची दिशा पालटली. आपली चूक उमगल्यावर ती सोडून देण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी होता.

१८९४ साली ते शिकागोला गेले, तेव्हा रेल्वे कामगारांच्या मोठ्या संपाने ते शहर हादरले होते. तेथे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही विषयांची धुरा त्यांच्याकडे आली. १८९६ सालच्या एका निबंधात त्यांनी उद्दीपक आणि प्रतिक्रिया असे वर्तनाचे दोन तुकडे पाडण्याच्या रूढ पद्धतीवर आघात केला. मूल दिव्याच्या ज्योतीकडे हात नेते, भाजते आणि हात मागे घेते. हे सुटे सुटे तुकडे नव्हेत. ती एकच सलग कृती आहे. भाजल्यानंतर त्या मुलाला ज्योत पूर्वीसारखी दिसतच नाही. म्हणजे अनुभव घेता घेता माणूसही बदलतो आणि त्याचे जगही. त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठाची प्रयोगशील शाळा सुरू केली. तिच्या कारभारावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी मतभेद होऊन १९०४ साली त्यांनी शिकागो सोडले आणि ते कोलंबियाला आले.

मनुष्यस्वभावावरील त्यांचा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या जुन्या पोथ्यांतील माणूस सुखदुःखाचा जमाखर्च मांडून मग पाऊल उचलतो. ड्यूई यांचा माणूस सवयींचा बनलेला आहे, आणि या सवयी त्याच्या एकट्याच्या नसून समाजाने त्याच्या हाती दिलेल्या आहेत. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीच्या नृसिंहाच्या देवळात आईच्या कडेवर बसून आलेले मूल हात जोडते, ते सवयीने. अर्थ त्याला मागाहून कळतो. उच्चनीचतेचा पाठही मूल याच रीतीने गिरवते. कोणाच्या घरचे पाणी प्यावे आणि कोणाच्या घरचे पिऊ नये, हे त्याला विचार करता येण्यापूर्वीच अंगवळणी पडलेले असते.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात अर्थशास्त्र शिकत असलेल्या आंबेडकरांनी ड्यूई यांची व्याख्याने ऐकली. १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात त्यांनी या गुरूचे ऋण नावानिशी मान्य केले. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हा त्यांचा सिद्धांत त्याच प्रबंधातला. मात्र शिष्य गुरूच्या पुढे गेला. ड्यूई यांची भिस्त शाळेवर आणि खुल्या चर्चेवर होती. ज्या सवयीला धर्मग्रंथाचा आधार आणि हितसंबंधांचा पहारा आहे, ती केवळ चर्चेने सुटत नाही, हे आंबेडकरांनी अनुभवाने जाणले होते. म्हणूनच धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर त्यांनी घाव घातला आणि पुढे कायद्याचे बळही उभे केले.

ड्यूई निर्दोष नव्हते. त्यांची लेखनशैली बोजड होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरावे, या भूमिकेला त्यांनी दिलेला पाठिंबा त्यांच्या चाहत्यांनाही रुचला नाही. तथापि केवळ इच्छेने सवय मोडत नाही, तिला पोसणारी परिस्थिती बदलावी लागते, हा त्यांचा मूळ मुद्दा अबाधित राहिला आहे.

१९५० साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले. रथाच्या सुट्या भागांपैकी कोणता भाग म्हणजे रथ, असे विचारून भिक्षू नागसेनाने या राजाची आत्म्याविषयीची ठाम समजूत मोडली होती. मनाची चिकित्सा ही परक्यांकडून उसनी आणलेली विद्या नव्हे, याची ही खूण होय. मराठवाड्यातील महाविद्यालयांत मानसशास्त्र आज परीक्षेचा विषय म्हणून शिकविले जाते. पदवी घेऊन गावी परतलेला तरुण पाणवठ्यावर, पंगतीत आणि सोयरीक जुळविताना जुन्याच सवयीने वागत असेल, तर ते शास्त्र त्याच्या वहीत राहिले, मनापर्यंत पोहोचले नाही, असेच म्हणावे लागेल.