शांता आपटे

शांता आपटे (मृत्यू : मुंबई, २४ फेब्रुवारी १९६४) या मराठी व हिंदी चित्रपटांतील गायिका-अभिनेत्री होत्या. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३७ सालच्या कुंकू या चित्रपटातील नीरा ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका होय. आपल्या हक्कांसाठी स्टुडिओच्या दारात उपोषण करणाऱ्या आणि चित्रपटव्यवसायावर पुस्तक लिहिणाऱ्या अभिनेत्री म्हणूनही त्या ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. लहानपणीच त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. भालजी पेंढारकर दिग्दर्शित श्यामसुंदर (१९३२) या बोलपटातील राधेच्या भूमिकेतून त्यांनी चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. या काळात त्यांचे बंधू बाबूराव आपटे हे त्यांचे व्यावसायिक व्यवहार पाहत असत.

प्रभातमधील कारकीर्द

व्ही. शांताराम यांच्या अमृतमंथन (१९३४) या चित्रपटाने त्यांना देशभर प्रसिद्धी मिळवून दिली. संगीतकार केशवराव भोळे यांनी स्वरबद्ध केलेली त्यांची गीते लोकप्रिय झाली. आरंभीच्या बोलपटांत गायक नट बहुधा एका जागी उभे राहून गात. शांता आपटे यांनी गाताना डोळे, चेहरा आणि हात यांच्या सहज हालचालींचा उपयोग केला. त्यामुळे गीत हा अभिनयाचाच भाग झाला. अमरज्योती (१९३६) आणि गोपालकृष्ण (१९३८) हे त्यांचे प्रभातमधील इतर उल्लेखनीय चित्रपट होत.

कुंकू

नारायण हरी आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारित कुंकू हा चित्रपट शांताराम यांनी दिग्दर्शित केला. दुनिया न माने या नावाने तो हिंदीतही निघाला. पोरक्या नीरेचे लग्न तिचे नातलग फसवणुकीने काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावून देतात. नीरा घरात राहते. परंतु पत्नी म्हणून त्यांचा स्वीकार करण्यास ठाम नकार देते.

जरठ-बाला विवाह हा विषय मराठी रसिकांना गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकामुळे परिचित होता. शारदेचे लग्न मोडते. नीरेचे मात्र लागते आणि कथेचा खरा संघर्ष तेथूनच सुरू होतो. त्या काळी मुंबई इलाख्यात, रूढीने काडीमोड मान्य असलेल्या जाती वगळता, हिंदू पत्नीला घटस्फोटाचा मार्ग उपलब्ध नव्हता. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय ठरवले होते, पण वधूवरांच्या वयांतील अंतरावर बंधन घातले नव्हते. त्यामुळे नीरेच्या हाती स्वतःच्या नकारावाचून दुसरे साधन उरत नाही.

केशवराव दाते यांनी रंगवलेले काकासाहेब हे निव्वळ खलपुरुष नाहीत. आरशात दिसणारे वार्धक्य त्यांना सलते. ते मिशांना कलप लावतात आणि तारुण्याचा आव आणतात. पतीचा अधिकार कायद्याने व रूढीने मिळाला, तरी पत्नीच्या संमतीवाचून तो पोकळ आहे, ही जाणीव त्यांना हळूहळू होते. अखेरीस ते नीरेला पुनर्विवाहाचा सल्ला देणारे पत्र लिहून जीवन संपवतात. काकासाहेबांच्या सुधारक कन्येची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती.

चित्रपटात पार्श्वसंगीत नसून प्रसंगातील नैसर्गिक ध्वनीच वापरले आहेत. नीरेच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकी कवीची एक इंग्रजी कविताही आहे. ती शांता आपटे यांनी स्वतः गायली.

उपोषण व लेखन

करारासंबंधीच्या वादातून १९३९ साली त्यांनी पुण्यातील प्रभातच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले. नामवंत अभिनेत्रीने आपल्याच कंपनीविरुद्ध असा उघड मार्ग पत्करणे त्या काळी अपूर्व होते. त्यानंतर त्यांनी प्रभात सोडली. १९४० साली त्यांचे जाऊ मी सिनेमात? हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटव्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुणतरुणींना झगमगाटामागील शोषणाची कल्पना देणारे हे लेखन कलावंताकडे श्रमिक म्हणून पाहते.

पुढील कारकीर्द

सावित्री (१९४१) या तमिळ चित्रपटात त्यांनी शीर्षक भूमिका केली व त्यासाठी तमिळ भाषा आत्मसात केली. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. जमीनदार (१९४२), अपना घर (१९४२) आणि दुहाई (१९४३) हे त्यांचे पुढील हिंदी चित्रपट. मास्टर विनायक यांच्या सुभद्रा (१९४६) या चित्रपटात त्यांनी लता मंगेशकर यांच्यासह गायन केले. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर गायक-नटांचे युग मावळत गेले. तरीही १९५० च्या दशकापर्यंत त्या पडद्यावर दिसत राहिल्या.

मृत्यू व वारसा

आजारपणानंतर मुंबईतील अंधेरी येथे त्यांचे निधन झाले. मराठी रंगभूमी व चित्रपटांतील अभिनेत्री नयना आपटे या त्यांच्या कन्या होत. सोशिक नायिकेच्या प्रतिमेला छेद देणारी नीरा आणि पडद्याबाहेर कलावंताच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या शांता आपटे यांची नावे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात एकत्रच घेतली जातात.