जिम कॉर्बेट

एडवर्ड जेम्स तथा जिम कॉर्बेट (जन्म : २५ जुलै १८७५, नैनिताल, मृत्यू : १९ एप्रिल १९५५, न्येरी, केनिया) हे ब्रिटिश भारतातील शिकारी, निसर्ग अभ्यासक व लेखक होते. कुमाऊँ व गढवाल या भागांतील नरभक्षक वाघ-बिबट्यांचे पारिपत्य केल्याबद्दल ते विख्यात आहेत. हिंस्र पशूंच्या आवाजाचे हुबेहूब अनुकरण करून त्यांना जवळ बोलावण्याची दुर्मीळ कला त्यांना अवगत होती.

पूर्वायुष्य

कॉर्बेट यांचे वडील नैनिताल येथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच त्यांचे निधन झाले. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी गावी राहत असे. तेथील रानात भटकताना जिम यांनी पशुपक्ष्यांची भाषा आत्मसात केली. वाघ दिसताच चितळ, सांबर व वानर जे इशारे देतात, त्यांवरून तो कोठे आहे व कोणत्या दिशेने निघाला आहे, हे ते अचूक ताडत. पुढे त्यांनी सुमारे दोन दशके मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालवाहतुकीचे काम पाहिले.

नरभक्षकांची शिकार

१९०७ साली त्यांनी चंपावतच्या वाघिणीला ठार केले. नेपाळ व कुमाऊँमध्ये मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. १२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली त्यांच्या गोळीने मेला.

त्यांच्या अनुकरणकलेची खरी कसोटी नोव्हेंबर १९३८ मध्ये शारदा नदीच्या खोऱ्यातील ठाक येथे लागली. वाघिणीच्या भयाने ग्रामस्थ गाव सोडून गेले होते. आमिष बांधून व मचाणावर बसूनही ती हाती लागेना. तो तिचा माजाचा काळ होता व ती जोडीदाराला साद घालीत होती. कॉर्बेट यांनी केवळ स्वतःच्या गळ्यातून नर वाघाचा प्रतिसाद दिला. अंधार दाटत असताना ती त्या आवाजाच्या रोखाने अगदी जवळ आली आणि त्यांच्या गोळ्यांना बळी पडली. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. तिच्या अंगावर बंदुकीच्या जुन्या जखमा आढळल्या व त्यांतील एक चिघळलेली होती. वाघ स्वभावतः नरभक्षक नसतो, जखमा वा वार्धक्य यांमुळे तो तसा बनतो, हे मत त्यांनी आपल्या लेखनात आग्रहाने मांडले. ही त्यांची अखेरची नरभक्षकाची शिकार ठरली.

संरक्षणकार्य व लेखन

शिकारीपेक्षा छायाचित्रण श्रेष्ठ, असे मानून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९३६ साली स्थापन झालेल्या भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीस त्यांनी साहाय्य केले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे पुस्तक १९४४ साली मुंबईहून प्रसिद्ध झाले. १९४७ मध्ये ते भगिनी मॅगी यांच्यासह केनियात स्थायिक झाले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली त्या उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले.