माहूरच्या वाटेवरील शहाजहान

ताजमहाल बांधणारा बादशहा एकेकाळी आश्रयासाठी वणवण फिरला आणि त्या वणवणीत आपल्या फुलसावंगीच्या शेजारच्या माहूरला येऊन गेला, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

शहाजादा खुर्रम, म्हणजेच शहाजहान, याने इ. स. १६२२ मध्ये पिता जहांगीर याच्याविरुद्ध बंड केले. पराभव झाल्यावर १६२३ मध्ये तो बऱ्हाणपूरहून दक्षिणेस निघाला. बरोबर बेगम मुमताजमहल व मुले होती. औरंगजेब तर जेमतेम पाच वर्षांचा. हत्ती व जड सामान माहूरला ठेवून त्याने कुतुबशाही सरहद्द गाठली. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुतुबशहाने काही रक्कम, रसद व वाट दिली. मुक्कामाला जागा मात्र दिली नाही. बादशहाचा रोष कोण ओढवून घेणार?

नात्याचे म्हणाल, तर बंगालचा सुभेदार इब्राहीमखान हा मुमताजचा चुलता. तो विरोधात उभा राहिला व १६२४ मध्ये लढाईत पडला. १६२६ मध्ये खुर्रमला माफी मिळाली, पण दारा व औरंगजेब यांना आजोबांकडे ओलीस पाठवावे लागले.

पुढच्याच वर्षी जहांगीर वारला. जुन्नरला असलेल्या जावयाकडे सासरे आसफखान यांनी तातडीने दूत धाडला. १६२८ मध्ये शहाजहान आग्र्यास तख्तावर बसला. आसफखानांनी नातवंडांना तेथे आणून आईच्या स्वाधीन केले.