साडेचारशे रुपये पगार आणि परळची चाळ



कुवेतमध्ये पगार जमा झाला की आपण आधी दिनारचा भाव बघतो, मग गावी किती पाठवायचे ते ठरवतो. पगार वाढतो, पण पुरत नाही ही तक्रार तशीच राहते. मोठा फ्लॅट, नवी गाडी, गावच्या घरावर दुसरा मजला, यादी संपत नाही. अशा वेळी बाबासाहेबांच्या पगाराचा हिशोब आठवून पाहा.

नोव्हेंबर 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती, याहून चांगली जागा सहज परवडली असती. ते मात्र परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. रमाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेले शिल्लक टाकायचे, असा नेम होता. पैसा कशासाठी हवा हे आधीच ठरलेले असल्यामुळे पगाराबरोबर गरजा वाढल्या नाहीत.

तेवढ्यानेही भागले नाही. 1920 मध्ये निघताना शाहू महाराजांची मदत घ्यावी लागली आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून 5000 रुपये कर्जही काढावे लागले. लंडनमध्ये सकाळची न्याहारी तुटपुंजी, रात्री पापड आणि दूध, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय.

म्हणून त्यांना हौस नव्हती असे समजू नका. न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे 2000 जुनी पुस्तके घेतली होती. पुढे दादरला राजगृह बांधले तेही मुख्यतः ग्रंथांसाठी. चांगल्या सुटाची आवड तर सर्वांना ठाऊकच आहे. गरिबीला पवित्र ठरवणारा धर्म त्यांना मान्य नव्हता, हे त्यांनी 1950 साली महाबोधी मासिकातल्या लेखात स्पष्ट मांडले.

एक गोष्ट मात्र आपण भाषणांत पटकन ओलांडून जातो. बचत बाबासाहेबांची असे आपण म्हणतो, पण रोज चुलीपाशी ती केली रमाईंनी. नवरा परदेशात, हातात मोजके पैसे, आणि पोटची मुले एकामागून एक गेलेली. राजगृहात राहायला येऊन फार काळ लोटला नव्हता, तोच 27 मे 1935 रोजी त्याही गेल्या.

येत्या शुक्रवारी गावी फोन कराल, तेव्हा पाठवलेल्या पैशांत तिकडे घर कोण आणि कसे भागवते, तेवढे विचारून बघा.